केबल की मशीन?

पाठीसाठी केबल बरी की मशीन, हे ठरवायला मालवणच्या जिममध्ये बसून मी महिनाभर व्हिडिओ बघत होतो. व्यायाम तेवढा राहिला होता. शेवटी एका सकाळी केबल ओढायला बसलो, तर किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढून आलेला एक म्हातारा पंख्याखाली टेकायला आत शिरला. पोटऱ्यांना अजून वाळू चिकटलेली. माझी केबलशी चाललेली झटापट त्यानं थोडा वेळ पाहिली, मग मला उठवून तो बसला. टाचा रोवल्या आणि मला न हललेलं वजन दहादा सहज ओढलं. मूठ सोडून तो वजनांच्या मागे डोकावला.

“काय रे झिला, इतक्या ओढलंय, पण मासो खंय?”

मासा नाही आजोबा, यानं अंग भरतं, असं मी सांगणार होतो. तेवढ्यात समोरच्या आरशात मी मला दिसलो.