हातांवर बसणारी बाई

दोन धडधाकट हात असून ते न वापरणारी बाई मी जन्मात एकच पाहिली, आणि तीही सात समुद्रांपलीकडून आमच्या मदतीला म्हणून आलेली. निजामाचा अंमल नुकताच संपला होता, हैदराबाद राज्य अजून होतं. देश नवा होता आणि औरंगाबादेत बायका जुन्याच पद्धतीनं बाळंतपणात मरत होत्या. तेव्हा कुठल्याशा थंड मुलखाच्या सरकारनं आपल्या सरकारकडं ही गोरी नर्स धाडली. तिनं इथं सुईणींची शाळा आणि बाळंतिणींचा दवाखाना उभा करायचा, तो इथल्याच बाईच्या हाती सोपवायचा आणि परत जायचं, असं ठरलेलं. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या तिनं भाड्यानं घेतल्या, म्हणून ही ब्याद आमच्या वाट्याला आली.

मराठी ती माझ्या सासूकडून शिकली. सासू कुणाशी धड बोलायची नाही, त्यामुळं बाईची मराठीही तशीच झाली. नमस्कार करायच्या ऐवजी ती समोरच्याचा पंजा धरायची आणि नखं बघायची. शाळेच्या उद्घाटनाला हैदराबादेहून मोठे अंमलदार आले. शेरवानी, अत्तर, सगळा थाट. बाईनं त्यांचा हात उलटासुलटा केला आणि म्हणाली, "नखात माती हाय की रे बाबा. आधी नखं काप, मग फीत काप." अंमलदारांनी निमूट कात्री मागितली, तर बाईनं तीही आधी उकळली. फीत थांबली, लोक थांबले, पाण्याला आधण येईपर्यंत अंमलदार हात पुढं धरून उभे.

पण तिचा खरा जाच निराळाच होता. जे काम इथलं माणूस करू शकेल, ते ती करायचीच नाही. तिच्या देशाहून पेट्या आल्या, त्यात तान्ह्या मुलांना तोलायचे काटे होते, कात्र्या होत्या, दुधाची भुकटी होती. बाई पेटीवर चढून बसली, पण उघडेना. सासू म्हणाली, "अगं बये, तुझ्याच मुलखातनं आल्यात, तूच उघड." तर म्हणे, "आज मी उघडीन. मी गेल्यावर कोण उघडील?" पेट्या अंगणात पडून राहिल्या. आम्ही त्यांच्यावर पापड वाळत घातले. शेवटी वैतागून माझ्या नणंदेनं पहार आणली, आणि बाई पोरीसारखी टाळ्या पिटत खाली उतरली.

ही माझी नणंद लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. राबायला सगळ्यांच्या पुढं, पण शुभकार्यात मागं. पोटुशी बाईवर तर तिची सावलीसुद्धा पडू द्यायची नाही. बाईनं नेमकं तिलाच शाळेत ओढलं. वन्सं शिकून तयार झाल्या, पण त्यांना बोलावणार कोण? एक तर विधवा, त्यात नाळ कापणं हे गावकुसाबाहेरच्या सुईणीचं काम. चिकलठाण्याला बाई त्यांना सायकलवर मागं बसवून घेऊन गेली, तर तिथल्या बायकांनी बाईला आत घेतलं आणि वन्संना गोठ्यापाशी उभं केलं. बाईच्या हातानं बाळ-बाळंतीण सुखरूप सुटली. बाई मात्र घरी येऊन जेवली नाही. "आज मी हरले," म्हणाली. मला वाटलं, हिच्या डोक्यावर ऊन चढलं.

मग माझे दिवस भरले. घरातच एवढी शिकलेली मेम असल्यावर मी निर्धास्त होते. सकाळी कळा सुरू झाल्या आणि दुपारी मूल अडलं. बाई माझ्या बाजेच्या कडेला बसली, आपले दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून.

"बाई, बघा की," मी म्हणाले.

"तुझी नणंद बघंल."

दारातून सासू म्हणाली, "विधवा बाई आत नगं. पहिलटकरीण हाय ती."

"मग मी बी अशीच बसते."

"मरंल की गं ती. तुला कशापायी धाडलंय हितं?"

"ह्याच्यापायीच," बाई म्हणाली.

माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. मी जीवानिशी जात होते आणि ही शेजारी बसून माझ्या सासूशी हुज्जत घालत होती. मराठीतल्या शिव्या संपल्या तेव्हा मी तिला दखनीतल्या दिल्या. वन्सं स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हात धुतलेले, कात्री उकळलेली, पाऊल पुढं नाही. सासूनं एकदा मला बघितलं, एकदा लेकीला. मग ती दारातून बाजूला झाली.

मूल पायाळू होतं. "वहिनी, माझ्याकडं बघा, दुसरीकडं नगं," वन्सं म्हणाल्या. बाई जागेवरून एवढंच बोलायची, "थांब. आता. ओढू नगं." मूल निळं पडून बाहेर आलं. वन्संनी त्याची पाठ चोळली, चोळत राहिल्या, तेव्हा कुठं ते रडलं. मग बाईनं हात बाहेर काढले. बाजेच्या सुंभाचे वळ त्यांवर उठले होते, एका ठिकाणी रक्त आलं होतं. तिनं ते फ्रॉकला पुसलं आणि बाहेर जाऊन सासूला म्हणाली, "च्या टाक की गं."

विटाळाचे दिवस मी अंधाऱ्या खोलीत काढले. शेक घेत होते आणि बाईशी कसं भांडायचं ते जुळवत होते. मी खरंच जीवानिशी जात असते, तरी तू हात लावला नसतास का, एवढंच तिला विचारायचं होतं. बारशाला बाहेर आले तर पुढच्या खोल्या झाडून ठेवलेल्या. इथली बाई तयार झाली, आता आपलं काम उरलं नाही, असं वर कळवून ती निघून गेली होती. "मनाला लावून घ्याल, दूध यायचं बंद होईल म्हणून सांगितलं नाय," वन्सं म्हणाल्या.

मूल पाळण्यात घालायला सवाष्णी जमल्या होत्या. सासूनं ते वन्संच्या हातात दिलं. त्यातल्या दोघी उठून गेल्या. "जाऊ द्या," सासू म्हणाली, "दिवस भरले की येतील हिलाच बोलवायला." आल्याच.

वन्संनी तो दवाखाना म्हातारपणापर्यंत चालवला. त्याही गेल्या आता. बाई तर कुठल्या मातीत असेल, तिच्या मुलखालाच ठाऊक. माझं भांडण तेवढं अजून तयार आहे, अगदी शब्दन्‌शब्द. कधी दुपारी पडल्या पडल्या मी ते पुन्हा सुरू करते आणि तिच्या बाजूनं काय बोलायचं ते मलाच सुचेनासं होतं.