पायपुसणं

आई पंधरा दिवसांसाठी म्हणून रत्नागिरीत माझ्याकडे आली, तेव्हा तिच्याबरोबर एक पिशवी, एक काठी आणि जुन्या कपड्यांचं एक बोचकं होतं. लांज्याजवळच्या गावी ती एकटी राहायची. अंगणात पडली, गुडघा धरला, म्हणून मी तिला घेऊन आले. "आता इथेच राहा," मी म्हटलं. ती म्हणाली, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही.

तिने राहावं असं मला मनापासून वाटत होतं. गुडघ्याचं कारण मी पुढे केलं, पण खरं म्हणजे पन्नाशीनंतर एकटीने जेवायचा मला कंटाळा आला होता. हे तिला सांगायची हिंमत नव्हती. ऑफिसातली एक बाई म्हणाली, म्हाताऱ्या माणसाला घर घरासारखं वाटलं पाहिजे, तुझ्या भिंती दवाखान्यासारख्या आहेत. म्हणून मी घर सजवायला घेतलं.

मोबाइलवर एक बाई रोज टाकाऊतून टिकाऊ करून दाखवते. तिच्या बोटांना कधी गम चिकटत नाही. माझ्या चिकटला. आंब्याची रिकामी पेटी निळी रंगवून मी आईच्या पलंगाशेजारच्या भिंतीवर ठोकली, फुलदाणी ठेवायला. आईने तिच्यात कांदे ठेवले. सरबताच्या बाटलीला सुतळी गुंडाळून दिवा केला. आईने सुतळी सोडवून कपडे वाळत घालायला दोरी बांधली आणि बाटलीत खोबरेल भरलं. करवंट्यांना सोनेरी रंग दिला, तेव्हा ती बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, आवडल्या.

"चुलीत घालूच्या, तर रंग कशाला लावलंस?" ती म्हणाली.

चूल नाही, गॅस आहे, हे मी सांगितलं नाही. वाद घालून माणूस राहत नाही.

मग माझी नजर त्या बोचक्यावर गेली. आत बाबांचे तीन जुने सदरे आणि एक चौकड्याची लुंगी होती, धुऊन घडी घातलेली. बाबा जाऊन चार वर्षं झाली. आईने आयुष्यभर जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या, घरात चिंधीसुद्धा फुकट गेली नाही. तेव्हा हिला आनंदच होईल, असं मी धरून चालले. आई शेजारणीकडे गेली असताना मी सगळ्याच्या दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या कापल्या, वेणी घातली, ती गोल गोल फिरवून शिवून पायपुसणं केलं आणि पलंगावरून उतरताना पहिलं पाऊल जिथे पडतं, तिथे टाकलं. आजवर माझ्या हातून झालेली ती एकमेव देखणी वस्तू होती.

आईने ते बघितलं. दुसऱ्या दिवसापासून ती पलंगावरून उतरताना लांब ढांग टाकायला लागली. आठवडाभर मी ते बघत होते. डॉक्टरांना मी सांगितलं, गुडघा सुधारलाय, ढांगा टाकते. डॉक्टरांनाही बरं वाटलं.

आठव्या दिवशी सकाळी ढांग चुकली. आईने आधाराला निळी पेटी धरली. पेटी माझ्या हातची असल्याने लगेच खाली आली, आणि कांदे मोरीपर्यंत गेले. आई पलंगावर बसली ती बसलीच.

"पाय ठेव ना त्याच्यावर, त्यासाठीच आहे ते," मी ओरडले. मी घाबरले की ओरडते.

"ह्यो सदरो घालून ते शिमग्याला येयचे," ती म्हणाली. "मुंबईसून. बायो, अंगावर घ्यायचा ता पायाखाली घालीत नाय."

मी खाली बसून कांदे गोळा करायला लागले. कांदे चिरले नव्हते, तरी डोळ्यांतून पाणी यायचं थांबेना. "मला कळलं नाही गं," मी म्हटलं. "चुकलं माझं."

"बोचका मी गोधडीसाठी आणलेला. तुझ्यासाठी. तुला थंडी लय वाजते." मग तिने हात पुढे केला. "दी ता इकडे. नि सुई दी."

त्या दिवसापासून आई गॅलरीत बसून माझी वेणी उसवते आणि पट्ट्या पुन्हा एकीला एक जोडते. मी पंधरा मिनिटांत कापलेलं जोडायला तिला महिने लागणार आहेत. गोधडी पुरी झाली की गावी जाईन, असं तिने मला बजावलं आहे. दोरा आणायचं काम माझ्याकडे आहे. मी एका वेळी एकच रीळ आणते, आणि तेही दोनदा विसरून.

परवा तिने विचारलं, "एकच?"

"दुकानात एकच शिल्लक होतं," मी म्हटलं.

गॅलरीतून दुकान दिसतं. दारातच रिळांच्या माळा लटकलेल्या असतात. आईने तिकडे बघितलं, मग सुईत दोरा ओवायला माझ्याकडे दिला.

"बरा," ती म्हणाली. "आता पांढरा नको आणू. लाल आण. लाल काय लवकर गावायचा नाय."