कोयतीचा पास

तिला सगळे कोयती म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे, कारण तिला ते आवडायचं. रिबाउंडला उडी मारली की तिची दोन्ही कोपरं बाहेर निघायची आणि मग आजूबाजूला जी कोणी असेल तिचं काही खरं नसायचं. कुणाचा ओठ फुटायचा, कुणाचा डोळा काळानिळा व्हायचा. अंपायरनं शिट्टी मारली तर ही त्यालाच विचारायची, एवढं ग्राउंड मोकळं असताना ती माझ्या कोपराखाली आलीच कशाला? वर्तकनगरच्या आमच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमची ती कॅप्टन. राहायची बाळकुमला, कोळ्यांच्या घरात. लहानपणापासून बापाबरोबर खाडीत जाळं ओढून तिचे दंड असे झालेले की कॉलनीतली मुलंसुद्धा तिच्याशी जपून बोलायची.

ऐंशीचं दशक अर्धं सरलेलं. आमचं ग्राउंड म्हणजे दोन बिल्डिंगींच्या मधलं सिमेंट, आणि बोर्डाचा लोखंडी खांब थेट शेवटच्या रेषेवर. जोरात धावत जाऊन बास्केटखाली उडी घेतली, लेअप मारला, की पुढ्यात खांबच. बाहेरच्या टीम तिथे आपोआप हळू व्हायच्या. कोयतीला हळू कसं व्हायचं तेच माहीत नव्हतं. तिला एकच खेळ यायचा, फास्ट ब्रेक. समोरच्यांचा नेम चुकून बॉल बोर्डावरून उडाला की तो हिसकायचा आणि पाय जमिनीला टेकतात न टेकतात तोच लांब पुढे फेकायचा. तो घ्यायला पळणारी मी. चार पास देऊन, जागा करून, डोकं लावून खेळणं म्हणजे तिला भातुकली वाटायची. "त्यांना रडायला टाइम नाय मिलाला पायजे," एवढीच तिची स्ट्रॅटेजी.

मी तेव्हा इतकी बारीक होते की ती मला काडी म्हणायची. पळताना मागे बघायचं नाही, हा तिचा नियम. "काडे, तू पल. बॉल कुठं टाकायचा त्ये मी बगीन." पहिल्याच आठवड्यात मी मागे बघितलं. कोणाला विश्वास वाटेल हो, पाठीमागून तीस-चाळीस फुटांवरून येणारा बॉल आपोआप हातात पडेल म्हणून? तो सरळ नाकावर आला. भळाभळा रक्त. तिनं आपल्याच टीशर्टनं ते पुसलं, पाठीत एक सणसणीत धपाटा घातला आणि म्हणाली, चल, परत पळ.

दुसऱ्या दिवशी मात्र डबा घेऊन घरी हजर. डब्यात खाडीतले जिवंत निवटे. आईनं झाकण उघडलं आणि ते मासे टणाटण उड्या मारत ओट्यावर, ओट्याखाली, थेट पिठाच्या डब्यामागे. कोयती गुडघ्यांवर रांगत एकेक पकडत होती आणि पोट धरून हसत होती. जेवायलाच बसली, तीन भाकऱ्या खाल्ल्या. ती गेल्यावर आई म्हणाली, अगं, ही एवढी मारते आणि तुला आवडते कशी? माझ्यावर एवढा जीव टाकून कोणी ओरडलंच नव्हतं तोवर. पुढची चार वर्षं मी मागे बघितलं नाही, आणि बॉल दरवेळी हातात आला.

तिला नोकरी हवी होती. एक बँक मुलींची टीम उभी करत होती आणि बारावी झालेल्या खेळाडूंना क्लार्क म्हणून घेत होती. कोयती दोनदा नापास होऊन बारावी झालेली, ती याच एका गोष्टीसाठी. नाहीतर घरच्यांनी बघून ठेवलेला मुलगा होताच, आणि मग आयुष्यभर डोक्यावर मासळीची पाटी. बँकेचे साहेब आमची फायनल बघायला येणार असं कळलं, तेव्हा तिनं आम्हाला आठवडाभर असं पळवलं की दोघी जणी ओकल्या.

फायनल आमच्याच ग्राउंडवर, डोंबिवलीच्या मुलींशी. गॅलऱ्या भरलेल्या, साहेब खुर्चीवर. खेळ कसला, मारामारीच ती. माझी भुवई फुटली, आमच्या एकीचं बोट निखळलं, नळावर चूळ भरली की पाणी लाल. त्यांच्यात दोन वेण्यांची एक मुलगी होती, वाऱ्यासारखी पळायची, आणि ती खांबाला भीत नव्हती. शेवटचं मिनिट. आम्ही एका पॉइंटनं पुढे. माझा पास मध्येच तिनं उचलला आणि सुटली. मागे कोयती, त्यामागे मी. म्हातारा अंपायर अर्ध्या ग्राउंडवरच धापा टाकत राहिला. मुलगी उडाली. कोयतीनं दोन्ही तळवे तिच्या पाठीवर ठेवले आणि पूर्ण जोर लावून ढकललं. लोखंडाचा तो आवाज, देवा. मुलगी खाली, तोंड रक्तानं भरलेलं, मनगट भलतीकडेच वळलेलं.

कोयतीनंच तिला खांद्यावर टाकलं आणि रिक्षाकडे धावली. अंपायर माझ्यापाशी आला. काय झालं, तू जवळ होतीस. मी म्हटलं, तोल गेला तिचा. आमच्या सगळ्याच तेच म्हणाल्या, आणि आमच्या ग्राउंडवर डोंबिवलीच्या मुलींचं कोण ऐकणार? राहिलेले सेकंद संपले, आम्ही जिंकलो, आणि साहेब मला म्हणाले, तुमच्या कॅप्टनला सोमवारी सर्टिफिकेटं घेऊन पाठव. मी ती बातमी घेऊन उड्या मारतच दवाखान्यात गेले. लाज वाटते आता सांगताना.

तिथे त्या मुलीचे वडील कोयतीपुढे हात जोडून उभे होते. पोरी, तू उचलून आणलंस म्हणून बरं झालं, म्हणत होते. कोयती खाली बघत होती. मग मान वर करून म्हणाली, "काका, मीच ढकलली तिला."

त्यांनी तिच्या दोन थोबाडीत मारल्या. तिनं हात उचलला नाही. मी मध्ये पडले, काका, तोल गेला तिचा, मी बघितलंय. तेव्हा कोयती माझ्याकडे वळली आणि अशी सणकन लगावली की कानात शिट्टी वाजत राहिली. "मारलं मी. मारलं त मारलं म्हनायचं. तू कशाला खोटं बोलतंस?" मी सोमवारचं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, बरं.

अंपायरलाही तिनं तेच सांगितलं, आणि चषक डोंबिवलीला गेला. कोयतीला दोन वर्षं खेळायची बंदी झाली आणि बँकेनं नाव काढून टाकलं. त्या मुलीचं मनगट जुळलं, पण थोडं वाकडं. महिन्याभरानं बँकेचं पत्र आलं ते माझ्या नावानं. मी बारावी झालेली होते, आणि फायनलमध्ये सर्वांत जास्त बास्केट माझे होते. त्यातला एकसुद्धा माझ्या एकटीचा नव्हता, हे साहेबांना कोण सांगणार?

पत्र घेऊन मी बाळकुमला गेले. ती अंगणात बोंबील वाळत घालत होती. मी म्हटलं, मी नाही घेणार ही नोकरी. तिनं पत्र उलटसुलट बघितलं, ओल्या हाताचा डाग पडू नये म्हणून दोन बोटांनी धरून. मला वाटलं, आता मारेल. खरं सांगते, मारावं असंच वाटत होतं.

"पास हातात आला की घ्यायचा," ती म्हणाली. "थांबून कोनी टाकला त्ये बगत बसलीस, त मना राग येल."

आणि माझ्या गालावरून हात फिरवला. चार वर्षांत तिनं एवढं बडवलं मला, पण मी तिच्यासमोर कधी रडले नव्हते. त्या दिवशी तिच्या अंगणात बसून हंबरडा फोडला, आणि ती शेजारी उभी राहून बोंबील टांगत राहिली.