लेटरहेडवरची चार माणसं

“उद्या दहाला तुमचं ऑफिस बगायला येतो,” मिस्टर विठोजी फोनवर म्हणाले. मी कोपऱ्यावरच्या दुकानात तांदळाच्या पोत्यांना टेकून उभी होते. माझ्याकडे फोन नव्हता. लेटरहेडवर नंबर छापला होता तो या दुकानाचा. ऑफिसही नव्हतं. प्लेन मान्येन गावातल्या आमच्या घरातलं जेवणाचं टेबल होतं.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी आमच्या बेटाच्या राजधानीत, पोर्ट लुईसच्या एका प्रेसमध्ये आर्टवर्क करायचे. कॉम्प्युटर नव्हते. प्लास्टिकच्या शीटवरची अक्षरं एकेक करून घासून कागदावर उतरवायची, फोटो कापायचे आणि सगळं जाड बोर्डावर सरळ रेषेत चिकटवायचं. प्रेसवाले त्या बोर्डाचा फोटो घेऊन छापत. आई आजारी पडली म्हणून मी नोकरी सोडली. चार महिन्यांत आई गेली. तोवर माझ्या जागी दुसरी मुलगी लागली होती. मग घरीच काम सुरू केलं.

एकट्या बाईला काम कोण देणार? म्हणून पत्रांत ‘आम्ही’ लिहायला लागले. लेटरहेडवर माझ्या नावाखाली आणखी तीन नावं बेधडक ठोकून दिली. एक लेआउटला, एक फोटोला आणि प्रूफ तपासायला मिस्टर पॉल.

त्यातला पॉल खरोखरच कामाला आला. प्रेसमध्ये माझी चूक कुणाच्या तरी नजरेला पडायची. घरी ती मलाच दिसेना. मग मी समोरच्या खुर्चीत जाऊन बसायचे, लाल पेन्सिल घ्यायचे आणि पॉल होऊन बोर्ड बघायचे. कडेला शेरा मारायचे: ‘ओळ तिरकी. पुन्हा करा. पॉल.’ परत माझ्या खुर्चीत येऊन निळ्या पेन्सिलीने लिहायचे: ‘केली.’ दिवसभरात तेवढंच काय ते बोलणं. कधी दुकानदारीण “तेलेफोन!” म्हणून हाक मारायची, तेव्हा ‘ओ’ देताना माझा आवाज घोगरा निघायचा.

मिस्टर विठोजी आपल्याच मराठी समाजातले, समुद्रकाठच्या एका नव्या हॉटेलचे मॅनेजर. त्यांचं बत्तीस पानांचं ब्रोशर मिळालं असतं तर माझं बस्तान बसलं असतं. काहीच मिळालं नाही तर घराला कुलूप लावून त्रियोलेला मावशीकडे जायचं, असं मी ठरवून टाकलं होतं.

सकाळी टेबलाभोवती चार खुर्च्या मांडल्या. ते बरोबर दहाला आले.

“बे, मग बाकीचे कुटं हायत?”

“प्रेसवर गेलेत. पोर्ट लुईसला.”

“तिगंबी?”

“वी, तिगंबी,” मी म्हटलं आणि चहा करायला आत पळाले.

ट्रे घेऊन आले तर ते पॉलच्या खुर्चीत बसून एका बोर्डाच्या कडेचे शेरे वाचत होते. सावकाश, वरपासून खालपर्यंत.

“हा पॉल लई कडक हाय.”

“हो.”

“अक्षर तुमच्यासारकंच काडतो.”

आता सारवासारव करण्यात अर्थ नव्हता. “मी एकटीच हाय, मिस्टर विठोजी,” म्हटलं आणि मला रडू फुटलं. खोटं पकडलं गेलं म्हणून नव्हे. आई गेल्यापासून हे वाक्य मी कुणापाशी बोललेच नव्हते.

त्यांनी चहा संपवला. मग म्हणाले, “बत्तीस पानं एका मानसाला नाय देनार. तुमी आजारी पडलात तर मी काय करू? ब्रोशर मोट्या प्रेसला देतो. मेनूकार्ड तुमी करा.” दारात थांबून म्हणाले, “आनि पॉलला काडू नका. त्याची नजर चांगली हाय.”

ब्रोशर गेलं, याचं फार वाईट वाटलं. पण त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी मी दोन कप विसळले.

मेनूकार्ड वेळेवर दिलं. त्यावरून दुसरं काम आलं आणि त्रियोलेला जायचं राहून गेलं. नव्या लेटरहेडवर एकच नाव छापलं. घरून काम सुरू करणाऱ्यांना मी एवढंच सांगते: चुका शोधायच्या तर खुर्ची बदला, आणि एकटे असाल तर पहिल्याच पत्रात तसं लिहा. लाल पेन्सिल मी अजून वापरते. शेऱ्याखाली सही मात्र माझी असते.