नुन्झिओने काढलेला कोंबडा

दक्षिण फिलाडेल्फियाच्या नवव्या गल्लीत नुन्झिओ न्हाव्याला कुणी विचारलं, की रेडिओवर बोंबलणारा हा सॅमी रेव्हल कोण, तर तो वस्तरा खाली ठेवायचा. "कोण म्हणजे? आमच्या शेजारचा सॅव्हेरियो! गळ्यात सूर औषधाला नाही. कोंबडा तेवढा माझा!"

खोटं नव्हतं ते. सॅव्हेरियोच्या कपाळावर झुलणारा केसांचा कोंबडा नुन्झिओनेच तेल चोपडून काढला होता. नेमका त्याच दुपारी रेकॉर्ड काढणारा एक बडा माणूस दाढीला आला. चर्चच्या गायकांत नुन्झिओचा आवाज पहिल्या नंबरचा, म्हणून त्याने मुद्दाम गळा मोकळा सोडला. पाहुण्याने मान डोलावली, तोंड पुसलं आणि विचारलं, "तो आरशात बघतोय तो पोरगा कोण?"

झालं! वर्षाच्या आत सॅव्हेरियोचा सॅमी झाला, स्टुडिओत यंत्रांनी त्याचा आवाज गोड करून तबकड्या निघाल्या. टीव्हीवर तबकडी वाजायची आणि हा नुसते ओठ हलवायचा. तेव्हा सगळेच तसं करायचे, पण नुन्झिओचा तिळपापड व्हायचा. त्यात फिलोमेनाने, जिच्याशी त्याचं लग्न ठरलं होतं तिने, सॅमीचा फोटो उशाशी लावला.

"अगं, नुसते ओठ हलवतो तो मेला!"

"हलवू दे की. छान हलवतो."

मग एका रविवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये सॅमीचा कार्यक्रम ठरला. तबकड्या लावायचं काम फादरनी नुन्झिओवर सोपवलं. फिलोमेना पहिल्या रांगेत. आज हिला त्याचा खरा गळा ऐकवायचाच, नुन्झिओने मनाशी पक्कं केलं. गाणं ऐन रंगात आलं आणि त्याने हळूच सुई उचलली.

गाणं मध्येच तुटलं. सॅव्हेरियोचं तोंड उघडंच राहिलं. त्याने घाबरून नुन्झिओकडे पाहिलं, घाम पुसला आणि स्वतःच गायला लागला. घोगरा, बेसूर, मध्येच चिरकणारा आवाज! आणि पोरींनी हॉल डोक्यावर घेतला. फिलोमेना तर घसा बसेस्तोवर किंचाळली. "खरंखुरं गायला रे! आपल्यासाठी गायला!"

पुढे तिने नुन्झिओशी लग्न केलं, पण तो फोटो ट्रंकेत घालून सासरी आणला.

दिवस फिरले. इंग्लंडहून गिटार वाजवत गाणारी झिपरी पोरं आली आणि सॅमीला कुणी विचारेना. एक दिवस तो मुकाट्याने नुन्झिओच्या खुर्चीत येऊन बसला. कोंबडा काढायला केस उरले नव्हते. नुन्झिओला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं.

"नुन्झ्या, त्या दिवशी सुई तूच उचललीस ना?"

कात्री थांबली. "धक्का लागला असेल रे..."

"गप रे! उभ्या जन्मात चारचौघांत मी स्वतः गायलेलं तेवढं एकच गाणं. तेही तुझ्यामुळे." सॅव्हेरियोचे डोळे भरून आले.

नुन्झिओने कात्री खाली आपटली. इतकी वर्षं तो दर रविवारी चर्चमध्ये सुरात गात होता. त्याच्या गाण्याला एकही पोरगी कधी किंचाळली नव्हती.

"कोण आलंय हो?" दुकानामागच्या घरातून फिलोमेनाने विचारलं.

"कुणी नाही," नुन्झिओ म्हणाला, आणि त्याने खुर्चीची पाठ आतल्या दाराकडे फिरवली.