यादीतला इसम आणि आमची खोली

भूकंपानंतर लातुरात लोक स्लॅबखाली झोपायला घाबरत. पुढं कोचिंगची पोरं भाड्यानं राहायला आली, तशी ती भीती गेली आणि स्लॅबवर स्लॅब चढले. अशाच एका स्लॅबखाली मी आणि माझा दोस्त राहत होतो. तो नायगावच्या बांगडीवाल्याचा मुलगा. मी रेणापूरचा, पत्रकं वाचत आणि वाटत वाढलेला.

राहायला आलो त्याच आठवड्यात घरमालक अप्पांनी ठाण्यात द्यायच्या भाडेकरूच्या फॉर्मसाठी फोटो मागितला. एका खोलीला एक फोटो पुरे होता. "भाड्यानं राहणं हा गुन्हा न्हाई, मी फोटो देणार न्हाई," असं मी त्यांना तत्त्वानं सुनावलं. दोस्तानं खिशातून स्वतःचा फोटो काढला. "घ्या अप्पा. ह्याचं भाषण संपेस्तोवर परीक्षा होऊन जाईल."

वर्षभरानं त्याला नांदेडच्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली. सोमवारी हजर व्हायचं, सोबत पोलिसांचा चारित्र्याचा दाखला न्यायचा. शुक्रवारी आम्ही ठाण्यात गेलो. हवालदारांनी अर्जावरचा पत्ता वाचून त्याच्याकडं पाहिलं, कपाटातून फाईल काढली, परत त्याच्याकडं पाहिलं.

"ह्या खोलीतला इसम दहशतवादी संशयितांच्या यादीत हाय. अन् फॉर्मवर फोटो तुझा."

फॉर्मवर नाव मात्र भलत्याचंच होतं. फाईलमध्ये असे सात फॉर्म निघाले. नाव, गाव, अक्षर एकच. फोटो दरसाल नवा.

"लई पोचलेला माणूस," हवालदार जरा आदरानंच म्हणाले. "एका साली चष्मा, एका साली टक्कल. आवंदा तुझ्यासारखा दिसून राहिला."

"त्यानं केलंय काय?" मी विचारलं.

"ते वरून आलंय. आपल्याला सांगत न्हाईत."

मी तडक अप्पांना गाठलं. ते शांतपणे म्हणाले, "पैल्या भाडेकरूचं अक्षर लई झ्याक होतं. मी त्याच्याच फॉर्मची झेरॉक्स काढतो अन् नवा फोटो चिकटवतो. उगं पोरांचा अभ्यास कशाला मोडायचा?"

शनिवारी मी कायदाच लिहिला. कलम एक, ज्याचं नाव यादीत घातलं त्याला ते कळवावं. कलम दोन, घालण्याचं कारण लिहावं आणि लिहिणाऱ्यानं खाली सही करावी. कलम तीन, चूक दिसली की तीस दिवसांत नाव काढावं. ओळखीच्या छापखान्यात पत्रकं छापून मी क्लासच्या फाटकावर वाटली. एका मुलानं विचारलं, "हे पेपरला येणार हाय का?"

दोस्त फाटकाशीच उभा होता. नेमणुकीचं पत्र घड्या घालून घालून मधोमध फाटलं होतं. "कॉम्रेड, मला कायदा नको, दाखला पायजे. तवा तू फोटो दिला असतास तर आज तू अडकला असतास. अन् मी काय पत्रक छापत बसलो नसतो. अप्पांना उचलून ठाण्यात नेलं असतं."

रविवारी सकाळी आम्ही अप्पांना रिक्षात घातलं. ठाण्यात ते झेरॉक्सचा जबाब लिहीत बसले. हवालदारांनी तोवर माझं पत्रक वाचलं.

"कलम दोन चांगलं हाय. पण माझ्या रजिस्टरात नाव घालायचा रकाना हाय, काढायचा न्हाई."

"म्हणूनच कायदा पाहिजे!"

"मंग करून आणा की. तवर त्या बाकड्यावर बसा."

दुपारी साहेबांची सही झाली. दाखल्यावर एक जादा ओळ होती, 'अर्जदार हा यादीतील इसम नव्हे.' दोस्तानं तो कागद डोळ्यांना लावला आणि मगच त्याला हसू फुटलं.

"म्हणजे साहेब, तो इसम यादीतून गेला म्हणायचा?"

"गेला कसा? त्याचा पत्ता तोच हाय." हवालदारांनी पेन माझ्याकडं रोखलं. "आता ह्यांच्यासंगं राहतोय."

सोमवारी पहाटेच्या नांदेड गाडीत दोस्त चढला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाला, "चला, तुला एकट्याला सोडून जायची काळजी मिटली."