खंडेनवमीला पुजलेला गिअरबॉक्स

आमच्या बाबांना कोणी गाडीत घालून नेलेलं मुळीच खपत नाही. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, गुडघा वाकेनासा झाला आणि क्लचची गाडी हातातून गेली. मग माझा नवरा त्यांना आणायला टिटवाळ्याहून बाळकुमला जायचा, आणि बाबा मागच्या सीटवर पाय लांब करून, तोंड फुगवून आमच्या दारात पोचायचे. एकदा मी हाताला धरून उतरवत होते, तर म्हणाले, "बाय, आपून चालवत आलू त बापूस. दुसऱ्यानं आनला त सामान." मला हसू आलं, पण हात सोडला नाही.

उपाय त्यांच्याच पार्किंगमध्ये धूळ खात उभा होता. शेत बिल्डरला दिलं तेव्हा हौसेने घेतलेली जुनी, उंच, फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप. ऑटोमॅटिक, म्हणजे क्लचची भानगडच नाही, एकट्या उजव्या पायाचं काम. पण तिचा गिअरबॉक्स गेलेला. इंजिन डरकाळ्या फोडायचं, गाडी जागची हलायची नाही. "नवी ऑटोमॅटिक घेऊ या की," नवरा म्हणाला. "त्या डबीत ह्यो पाय कुठं ठेवू? डिकीत?" बाबांनी विषय संपवला.

ठाण्यापासून कल्याणपर्यंत गॅरेजवाल्यांनी हात वर केले. शेवटी बाबांचा जुना दोस्त पुढे आला. खोपटच्या डेपोत जन्मभर बस दुरुस्त करून निवृत्त झालेला आमचा हा काका. ऑटोमॅटिक त्याने कधी उघडला नव्हता. "खोलतो. परत जुळला तर आपला, नाय जुळला तर भंगारवाल्याचा," म्हणाला. मोबाइलवर व्हिडिओ बघत, एकमेकांवर खेकसत दोघं कामाला लागले. मी दसऱ्याची सुट्टी काढून माहेरी आले, पाने-पक्कड हातात द्यायला आणि भांडणं सोडवायला.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी तेलाच्या डागांबद्दल तक्रार केली. बाबा खुर्चीतूनच म्हणाले, "साहेब, हितं माजा भात व्हता. गुडघाभर चिखल तुडवलाय मी. तुमी तेलाचा काय सांगताव?" सेक्रेटरी पुन्हा फिरकले नाहीत.

काका एकेक भाग काढायचा आणि काढला त्याच क्रमाने, कोणाच्या तरी वाढदिवसाच्या जुन्या फ्लेक्सवर मांडायचा. पोलादी चकत्या, कड्या, स्प्रिंगा, बारीक छर्रे. चकत्या दिसायला जुळ्या, पण जाडी वेगवेगळी. एक जरी इकडची तिकडे झाली तर सगळं मुसळ केरात. अस्तर लावलेल्या नव्या प्लेटा बसवायच्या आधी डब्यात लाल तेलात भिजत होत्या.

खंडेनवमीच्या सकाळी आम्ही तिघं चहाला वर गेलो. आई तेवढ्यात खाली उतरली. आमच्या घरी त्या दिवशी कोयता, विळा, पहार, सगळी हत्यारं धुऊन पुजतात. तिने फ्लेक्सवरचे सगळे भाग परातीत घेतले, साबणाने घासले, जुन्या लुगड्याने पुसले आणि मोठ्यापासून लहानापर्यंत गोल मांडले. प्रत्येक चकतीवर हळदकुंकू, वर झेंडूची पाकळी. छर्रे वाटीत, अक्षतांच्या शेजारी. तेलाच्या डब्याला मात्र हात लावला नव्हता. मुरत घातलेल्याला ओला हात लावायचा नाही, हा तिचा लोणच्याचा नियम. नुसतं झाकणाला कुंकू लावलं होतं.

"अगो, ह्या काय केलंस!" बाबा ओरडले.

"हत्यारा हायेत ना? मंग पुजली."

काका बादली पालथी घालून तिच्यावर बसला. "वहिनी, क्रम गेला सगळा."

"कसला क्रम? नुसता पसारा व्हता तो. मी नीट लावलाय."

माझ्या ओठांवर चांगलेच चार शब्द आले होते, सणाचा दिवस म्हणून गिळले. बाबा काठी टेकत लिफ्टकडे निघाले. त्यांची पाठ बघून आईचा चेहरा उतरला. मग हळूच म्हणाली, "पसाऱ्याचा फोटो हाय माजेकरं."

रोज संध्याकाळी ती डोंबिवलीच्या मावशीला फोटो पाठवत होती. खाली लिहायची, बघ तुझ्या भावजींनी पार्किंगात काय मांडलंय ते. पहिल्या स्क्रूपासून शेवटच्या छर्‍यापर्यंत, दिवसागणिक तक्रार हजर! काका फोटो मोठा करून बघायचा, चकतीची जाडी कॅलिपरने मोजायचा आणि जागेवर ठेवायचा. आई शेजारी बसून टूथब्रशने भोकाभोकांतलं कुंकू काढत होती, आणि फोटोचं ऐकून माघारी आलेले बाबा तिला "नीट घास" म्हणत होते. इतके खूश मी त्यांना कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते.

सगळं पुन्हा गाडीत बसवलं आणि गाडी हलली. आधी मागे, मग पुढे. काका आवारात तिला फिरवत राहिला, बाबांना ती चालवायला डॉक्टरांनीही हो म्हटलं, आणि मी टिटवाळ्याला परतले.

दिवाळीआधीच्या रविवारी बाबा निघाले. सोबत फक्त आई, बाकी कोणी यायचं नाही अशी सक्त ताकीद. मी सकाळपासून गॅलरीत. जीव नुसता टांगणीला लागला होता. तेवढ्यात खाली लांबलचक हॉर्न वाजला. जिना उतरून धावत गेले, सवयीने बाबांच्या बाजूचं दार उघडलं आणि हात पुढे केला.

बाबांनी स्टिअरिंग सोडलं नव्हतं. माझ्या हाताकडे बघून म्हणाले, "मना कशाला धरतंस? सामान मांगं हाय, त्या उतरव."

मागे आईने आणलेलं तांदळाचं गाठोडं होतं. मी ते खांद्यावर घेतलं.